वाजवून घेतलेला शाफ्ट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. देवासमोर हात जोडतो तेव्हाही मी भराभर उरकतो, तिथे थांबलो तर तोंडातून निघून जाईल अशी भीती वाटते. तुम्हाला सांगतो आहे. का ते विचारू नका — मला नीट सांगता येणार नाही. तुम्ही मला कुठे पाहिलं असेल, तर कानाला यंत्र लावलेला, हळू बोललं की ‘काय?’ म्हणून पुढे वाकणारा एक म्हातारा म्हणून पाहिलं असेल. लोक माझ्याशी प्रेमाने वागतात. बहिऱ्या माणसाला लोक आपसूकच भला समजतात, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. पण हे कान कधी गेले, ते कोणी विचारत नाही. तिथूनच सुरुवात करायला हवी — नको, आधी शाफ्टचं सांगतो. बघा, अजूनही टाळतोच आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात कामठी रोडला आमचा कारखाना होता. आमचा म्हणजे बाबूजींचा. मी तिथे मिस्त्री. पंधरा-वीस माणसं, वर पत्रे, दोन लेथ, वेल्डिंगचा एक कोपरा, आणि उन्हाळ्यात अशी भट्टी की पाना हातात धरवत नसे. आम्ही मळणीयंत्रं बनवायचो. खळ्यावर बैलांची पात हाकून धान्य तुडवायचे दिवस सरत आले होते, आणि ज्याच्या दारात ट्रॅक्टर आला त्याला मळणीयंत्र हवंच असे.

या यंत्राच्या पोटात दातांचा एक ड्रम असतो. तो ज्या जाड दांड्यावर फिरतो, तो शाफ्ट. ट्रॅक्टरचा सगळा जोर या एका दांड्याच्या अंगातून जातो. आता कणसं टाकणारी बाई काही मोजूनमापून टाकत नाही — एकदा मूठभर, एकदा कवळाभर. ड्रम कधी मोकळा पळतो, कधी घास अडकल्यासारखा अडखळतो, आणि सगळं यंत्र अंगात आल्यासारखं घुमू लागतं. ते सगळे हादरे शाफ्ट खातो. दर फेरीला कणभर वाकायचं आणि परत सरळ व्हायचं, दिवसभर. बाजारातली काळी सळई घेतली तर ती नरम, दुसऱ्या हंगामाला तिला पीळ पडतो. फार कडक पोलाद घेतलं तर ते वाकत नाही, पण तुटायचं झालं की बांगडीसारखं तुटतं. शाफ्टला हवा चिवटपणा. मार खाऊन मुकाट राहणारं लोखंड हवं.

ते मी शोधून काढलं होतं — ट्रकचा मागचा ॲक्सल. चांगल्या पोलादाला तेव्हा परमिट लागे आणि हंगाम संपल्यावर माल हाती येई. मी म्हटलं, जो दांडा भरलेला ट्रक घेऊन घाट चढतो, त्याला ज्वारीचा काय पाड? भंगार बाजारातून जुने ॲक्सल आणायचे, लेथवर उतरवून मापात आणायचे आणि ड्रमला लावायचे. पहिल्या वर्षी बाकीचे कारखानदार हसले. तिसऱ्या वर्षी तेच लोक भंगार बाजारात आमच्या आधी पोचू लागले. निवड बरोबर होती. आजही मी तेच म्हणेन. धोका एवढाच की हे ॲक्सल आधीच बरीच वर्षं रस्त्यांचे हादरे खाऊन आलेले असत. एखाद्याला केसाएवढा तडा गेलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

मग ओळखायचा कसा? बायका मडकं घेताना ओळखतात तसा. वाजवून. ॲक्सल दोरीने टांगायचा, छोट्या हातोडीने एक ठोका द्यायचा आणि ऐकायचं. धड असला तर तो गातो — टण्ण करून आवाज निघतो आणि बारीक होत होत कितीतरी वेळ हवेत राहतो. तडा असला तर बद्द वाजतो, किंवा गातो पण मध्येच कुठेतरी आवाज मरतो. तो मरणारा आवाज ऐकायला कान लागतो. लोहारकी माझ्या घरची. ऐरणीवरच्या ठोक्यावरून आत काय आहे ते सांगायला मी बापाजवळ शिकलो होतो. कारखान्यात हे काम फक्त माझं. मी हातोडी उचलली की दोन्ही लेथ बंद होत, वेल्डर चष्मा वर करून थांबे, आणि कोणी नवा माणूस बडबडत असला तर त्याला दटावत, “चूप राहा गा, मिस्त्री शाफ्ट वाजवून राहिले.” मी डोळे मिटून घेई. एवढी वीस माणसं माझ्यासाठी श्वास रोखून उभी आहेत — याचं सुख काय असतं ते कसं सांगू? पास झालेल्या शाफ्टच्या टोकाला मी पंचाने एक ठिपका मारत असे. तो ठिपका पाहिला की बाबूजी पुढे काही विचारत नसत.

आता कानांचं.

एक दिवस सकाळी बायको देवासमोर बसली होती. मी म्हटलं, आज घंटा नाही का वाजवायची? तिने माझ्याकडे वळून पाहिलं. घंटा तिच्या हातातच होती आणि हात हलत होता. ती काय म्हणाली ते मी ऐकलं, बोलणं मला नीट ऐकू येत होतं. पण ती पितळेची छोटी घंटा — तिचा आवाज नव्हताच. ती हलवत राहिली आणि मी बघत राहिलो. इतकी वर्षं घणाजवळ काढली, पत्र्याखाली काढली. बारीक, उंच आवाज आधी जातात म्हणे. बायको म्हणाली, सीताबर्डीला कानाचे डॉक्टर आहेत, दाखवून या. मी तिच्यावर असा ओरडलो की तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

त्या दिवशी मी कारखान्यात गेलो आणि काय केलं? दोन ॲक्सल टांगले होते. मी हातोडी उचलली, लेथ बंद झाले, सगळे गप्प झाले. मी डोळे मिटले, ठोका मारला, आणि एक जाड ‘ठण’ ऐकू आलं. त्याच्या पुढचं, ते बारीक होत जाणारं, जे ऐकायचं असतं — ते नव्हतं. मी तेवढा वेळ मनात मोजला, मान हलवली आणि पंच मारला. दोन्हींवर.

सांगायला हवं होतं ना? तेव्हाच. बाबूजी माणूस म्हणून वाईट नव्हते, दुसरं काम दिलं असतं. पण मग मी कोण? वीस माणसं ज्याच्यासाठी गप्प होतात, तो की स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजून देणारा? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी ती दोन वर्षं झाकली. बोट टेकवून थरथर किती वेळ राहते ते पाहायला शिकलो, शेजारच्या माणसाच्या चेहऱ्याकडे अर्धवट डोळ्यांनी पाहायला शिकलो. मधूनमधून एखादा धड ॲक्सल उगीच नापास करायचो — म्हणजे मी ऐकतो आहे असं वाटावं. दोन वर्षांत एकही शाफ्ट तुटला नाही. मला वाटू लागलं, माझं बोटही कानाएवढंच शहाणं आहे.

आमच्या मोठ्या लेथवर नामदेव होता. उमरेडकडचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, अंगाने काटकुळा आणि बोलायला महाकंजूष. पण हात असा की बघत राहावं. शाफ्ट जिथे बेअरिंगमध्ये बसतो तिथे तो उतरवून बारीक करावा लागतो, म्हणजे एक पायरी होते. त्या पायरीचा कोपरा तीक्ष्ण ठेवला तर हादऱ्याने नेमका तिथूनच शाफ्ट फाटतो. नामदेव तिथे गोलाई देई. त्यासाठी त्याने स्वतः एक हत्यार घासून बनवलं होतं आणि ते तो रुमालात गुंडाळून ठेवायचा. काम झालं की त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवायचा. अंगठ्याला काही लागलं तर परत चढवायचा. हंगामाची घाई असो की बाबूजी डोक्यावर उभे असोत.

त्या वर्षी फाल्गुनात यंत्रांना इतकी मागणी होती की रंग लागायच्या आत गिऱ्हाईक ट्रॅक्टर घेऊन फाटकात उभं राही. एका सकाळी मी लेथकडे गेलो, तर नामदेवने मी पास केलेला एक ॲक्सल बाजूला काढून ठेवलेला. त्याच्या एका टोकाकडच्या भागाला पांढरं काहीतरी फासलेलं. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, रॉकेल-खडू. रॉकेलच्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं, मग कोरडं पुसून वर खडू फासायचा. तडा असला तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि खडूवर ओली रेघ उमटते. हे कुठूनसं तो शिकला होता. मग माझ्याकडे तोंड करून, मोठ्याने नाही पण एकेक शब्द सुटा करत म्हणाला, “मिस्त्री, हा नको लावू जी. याच्यात रेघ दिसून राहिली.”

आम्हाला तिथे थांबलेलं पाहून लोक वळले होते. बाबूजी खोलीच्या दारात येऊन उभे होते.

मी खाली वाकलो. रेघ होती. बोटभर लांब, केसाएवढी, ओली. मी ती पाहिली. हे वाक्य मला लिहायला किती वर्षं लागली ते तुम्हाला कसं सांगू? मी ती पाहिली. ओरखडा असेल, असं मी मनात म्हटलं. पण म्हणतानाच मला कळत होतं की ओरखड्यातून रॉकेल पाझरत नाही. आणि त्याच क्षणी मला दुसरंही कळलं — ही रेघ खरी ठरली तर हा ॲक्सल माझ्या कानाखालून गेला कसा, असं बाबूजी विचारतील. मी शर्टाच्या बाहीने खडू पुसून टाकला. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “काहून गा, मी वाजवून देलेला शाफ्ट तू शाळेच्या खडूनं नापास करतं काय? तुले मास्तर व्हायचं होतं तं इथं काहून आला?” लोक हसले. बाबूजीही हसले. नामदेव हसला नाही. “दुसरा घेतो म्हटलं,” एवढंच तो म्हणाला.

“हाच लाव,” मी म्हणालो.

त्याने तो चढवला. पुढे काय झालं ते तुम्हाला समजलंच असेल. तरी मला सांगू द्या, नाहीतर मी पुन्हा पळ काढेन.

ते यंत्र कळमेश्वरच्या अलीकडच्या एका गावात गेलं. पंधरा-वीस दिवसांनी निरोप आला. भरदुपारी ज्वारीची मळणी चालू असताना शाफ्ट तुटला आणि त्याच्या टोकाची जड पुली निखळून बाजूला उडाली. कणसं टाकायला त्या घरचीच सून उभी होती, कौसल्या नावाची. पुली तिच्या पायावर आली. तिला नागपूरला सरकारी दवाखान्यात आणलं, आणि गुडघ्याखाली पाय काढावा लागला. बाबूजी आणि मी भेटायला गेलो. तिशीच्या आतली असेल. डोक्यावरचा पदर सारखा करत ती मला म्हणाली, “भाऊ, मशीन तं नवीच होती ना जी?” तिला दुसरं काही विचारायचं नव्हतं. मी म्हणालो, हो बाई, नवीच होती.

दुसऱ्या दिवशी तुटलेला शाफ्ट आणायला मी एकटा गेलो. यंत्र खळ्यावर तसंच उभं होतं, आजूबाजूला अर्धवट मळलेली कणसं पडलेली. दोन्ही तुकडे बाहेर काढले आणि तोंडं उन्हात धरली. लोखंड खोटं बोलत नाही. ताजं तुटलेलं लोखंड चकचकीत, खरखरीत दाण्याचं दिसतं. इथे तसा भाग जेमतेम निम्मा. उरलेला निम्मा काळा, गुळगुळीत, तेलकट — तव्याच्या बुडासारखा. म्हणजे तडा कितीतरी जुना. आमच्या फाटकातून आत आला तेव्हाच तो ॲक्सल अर्धा मेलेला होता. योगायोग असा की तो तडा नामदेवच्या पायरीपाशीच येऊन टेकला होता. आणि तिथली गोलाई? तशीच होती. मी अंगठा फिरवून पाहिला. काही लागलं नाही.

एसटीत ते दोन तुकडे पोत्यात गुंडाळून मी पायांशी ठेवले होते. कळमेश्वर ते नागपूर, एवढाच वेळ. तेवढ्यात मी ठरवलं. कारखान्यात पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी होती, सगळे बाहेर लिंबाखाली डबे उघडून बसले होते. मी ग्राइंडर चालू केला आणि दोन्ही तुकड्यांची तोंडं घासून काढली. काळा भाग गेला. गोलाई गेली. कोणी विचारलं तर सांगायचं होतं की कडा हाताला कापत होत्या. कोणी विचारलं नाही. ग्राइंडरचा बारीक आवाज मला ऐकू येत नव्हता, नुसत्या ठिणग्या दिसत होत्या.

मग मी ते तुकडे बाबूजींच्या टेबलावर नेऊन ठेवले आणि म्हणालो, पायरीच्या कोपऱ्यातून तुटला. गोलाई नव्हती. घाईत राहून गेली असेल.

नामदेवला बोलावलं. त्याने तुकडा उचलला, तोंडाकडे पाहिलं, उलटा करून पाहिला. “गोलाई देल्ली होती मी,” तो म्हणाला. मग, “हे तोंड कोनं घासलं?” मी सांगितलं, मी. त्याने माझ्याकडे पाहिलं. बाबूजींना तो म्हणाला की त्या शाफ्टवर रेघ होती, मी तेव्हाच सांगितलं होतं. बाबूजींनी मला विचारलं. मी म्हणालो, खडू फासलेला आठवतो, रेघ काही मी पाहिली नाही. माझ्या शब्दापुढे त्याचा शब्द किती टिकणार? बाबूजींनी त्याला त्याच दिवशी काढलं. तो गेला तेव्हा त्याच्या हातात डबा होता आणि तो हत्याराचा रुमाल. आणि नागपूर म्हणजे काय — चार कारखाने, चार चहाच्या टपऱ्या. आठवडाभरात सगळीकडे झालं की नामदेवने कोपरा सोडला आणि एका बाईचा पाय गेला. मशीनवर उभं करायला त्याला कोणी तयार होईना. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून म्हणतात. मी तर दुसऱ्याकडे जे नव्हतंच ते दाखवत फिरलो.

याहून वाईट काय असेल, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटलं होतं.

नवा टर्नर यायचा म्हणून मी नामदेवचा कोपरा साफ करायला घेतला. लेथच्या मागे, भिंतीशी, पोत्यांखाली काहीतरी रचून ठेवलेलं. पोती काढली. ॲक्सल होते. नऊ. प्रत्येकावर खडू फासलेला, आणि खडूत कुठे बोटभर, कुठे वीतभर रेघ. वाळलेली, पिवळट. आणि प्रत्येकाच्या टोकाला माझ्या पंचाचा ठिपका. शेजारी रॉकेलची बाटली — कारखान्याची नव्हे, घरून आणलेली, कागदाचं बूच लावलेली. तेव्हा रॉकेल रेशनवर मिळे, त्याच्या घरी ते चुलीत आणि कंदिलात पुरत नसणार.

मी तिथेच खाली बसलो. दोन वर्षं. मी दिलेला प्रत्येक शाफ्ट तो रॉकेलात गुंडाळत होता, बघत होता, वाईट निघाला तर गुपचूप मागे सारून ढिगातला दुसरा घेत होता. कुणाला न सांगता. म्हणजे त्याला माझ्या कानांचं माहीत होतं. किती दिवसांपासून? तो नेहमी समोर येऊन बोलायचा, मागून कधी हाक मारली नाही. एकेक शब्द सुटा करून बोलायचा — मला वाटे, त्याची बोलण्याची पद्धतच तशी. फक्त त्या हंगामाच्या घाईत मी त्याला पकडलं, आणि तो एक शाफ्ट त्याला माझ्या हातून वाचवता आला नाही. आणि बाबूजींच्या खोलीत, नोकरी जात असताना, एक वाक्य बोलला असता तर झालं असतं — मिस्त्रीले ऐकू येत नाही. एक ठोका मारून माझी परीक्षा तिथल्या तिथे झाली असती. तो बोलला नाही. का बोलला नाही? मी हा प्रश्न इतक्यांदा स्वतःला विचारला आहे की आता त्याला काही चव उरली नाही.

तुम्ही म्हणाल, मग धावत गेलो असेन. ते नऊ ॲक्सल बाबूजींपुढे टाकले असतील. नाही. मी ते फडक्याने पुसले आणि त्याच दुपारी भंगारात घालवले. आणि पुढच्या हंगामापासून कारखान्यात रॉकेल-खडूची पद्धत सुरू केली. मी. माझी युक्ती म्हणून. बाबूजींनी माणसांसमोर पाठ थोपटली. त्यानंतर मला शाफ्ट वाजवायची गरज पडली नाही, आणि कान गेल्याचं मी हळूहळू, वय झालं म्हणून, जाहीर करू शकलो.

वर्षं गेली. ऐंशी साल उलटल्यावर कधीतरी मी वर्षाचे गहू घ्यायला कळमन्याच्या बाजारात गेलो होतो. एका गाळ्यासमोर पोती शिवणारा माणूस उठून उभा राहिला — समोर येऊन. नामदेव. हातात दाभण आणि सुतळी. केस पांढरे झाले होते. माझ्या मुलीचं विचारलं, बाबूजींचं विचारलं. त्याच्या अंगठ्याकडे माझं लक्ष गेलं. सुतळीने चिरा पडल्या होत्या. आणि मग तो, जो कधी कुणाला काही मागत नसे, तो चाचरत म्हणाला की कळमेश्वरला नवे कारखाने निघाले आहेत, तिथे एक जण मळणीयंत्रं बनवतो, मालक तुम्हाला मानतो असं ऐकलं. “तुमच्या एका शब्दानं होऊन जाईन, मिस्त्री. मले अजून लेथ चालवता येते. मरायच्या आंधी एखादा शाफ्ट तरी करीन म्हनतो.”

मी हो म्हणालो. आणि मी गेलोही, हे लक्षात घ्या. मी खरोखर कळमेश्वरला गेलो. एसटीत मी ठरवलं होतं की सगळं सांगायचं. सगळं नाही जमलं तर निदान एवढं — त्या माणसाचा कोपरा कधी चुकला नाही. तरुण मालक होता, शिकलेला. चहा मागवला, मला खुर्ची दिली, ॲक्सलची कल्पना तुमचीच ना म्हणाला, रॉकेल-खडूचीही तुमचीच ना. मी हो म्हणालो. मग नामदेवचं नाव काढलं. त्या बाईच्या पायाचं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. त्याने विचारलं, “माणूस कसा आहे?”

मी म्हणालो, “हात चांगला आहे. पण...”

आणि थांबलो. त्या ‘पण’च्या पुढे मी काहीही बोललो नाही. गरजच नव्हती. मालकाने समजल्यासारखी मान हलवली आणि विषय बदलला. मी असं का केलं? तो पुन्हा लेथवर उभा राहिला असता, शाफ्टला खडू फासला असता, कुणीतरी विचारलं असतं हे कुठे शिकलास — एवढीच भीती. सत्तावन्न-अठ्ठावन्नचा होतो तेव्हा. मुलगी मार्गी लागली होती, घर झालं होतं, माझं कोणी काही वाकडं करू शकलं नसतं. तरीही.

नामदेव आता नाही. कौसल्याबाईंचं पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नाही, त्या रस्त्याने जायचं टाळत आलो. माफी मागायची म्हटली तर कुणाकडे मागू? तुमच्याकडे मागत नाही. ती तुमची द्यायची नाही. मन हलकं होईल म्हणून हे लिहिलं असंही नाही, कारण होत नाहीये.

एवढं एक राहिलं. कळमेश्वरहून आल्यावर पुढच्या बाजाराच्या दिवशी मी कळमन्याला गेलो. नामदेव वाट पाहत होता. त्याने धुतलेला शर्ट घातला होता. मी सांगितलं, जागा भरली गा. तो म्हणाला, “जाऊ द्या, मिस्त्री. माह्यासाठी तुमी एवढ्या दूर गेले, हेच खूप झालं.” गाळ्याच्या पायरीवर त्याने पोतं झटकून अंथरलं, मला बसवलं, आणि समोरच्या टपरीवरून माझ्यासाठी चहा घेऊन आला. मी तो सगळा प्यालो.